दमलेल्या माणसाचा स्वयंपाक

कॅम्पिंगला खायला काय न्यायचं हे शोधायला बसलं की दोनच प्रकार समोर येतात. एकात लाकडी फळीवर नीट मांडलेल्या सात-आठ भाज्या, जड लोखंडी तवा, मागे डोंगर आणि सूर्यास्त, आणि बघणाऱ्याला प्रश्न पडतो की हे लोक तिथे फिरायला गेलेत का भाज्या चिरायला. दुसऱ्यात इन्स्टंट नूडल्स, चिप्स, बिस्किटं आणि कोल्ड्रिंक, म्हणजे दोन दिवस नुसतं तोंड चालू ठेवायचं आणि तिसऱ्या दिवशी पोटाने बंड पुकारायचं. या दोन्ही प्रकारांत जेवणाऱ्या माणसाचा विचारच कुणी केलेला नसतो. घरी यादी करणारा उत्साही माणूस आणि संध्याकाळी कॅम्पवर स्टोव्ह पेटवणारा माणूस, हे दोघं वेगळे असतात हो. दुसरा दिवसभर चाललेला असतो, दगडाळ जमिनीत तंबूच्या खुंट्या ठोकून वैतागलेला असतो, अंधार पडत आलेला असतो, बोटं गारठलेली असतात, हेडटॉर्च कुठल्या कप्प्यात ठेवला ते आठवत नसतं आणि भूक अशी की समोर येईल ते खाऊन टाकावं. त्या माणसाला जे करायला जमेल आणि जे तो खरंच खाईल, तेच कॅम्पवरचं हेल्दी जेवण. बाकी सगळं कागदावर.

हे एकदा पटलं की मेनू ठरवताना डोक्यात वेगळेच प्रश्न येतात. पदार्थ चविष्ट आहे का ते नंतर बघू, आधी हे सांगा की तिथे चाकू किती वेळा काढावा लागेल, भांडी किती खरकटी होतील आणि गॅस किती मिनिटं जळेल. या तिन्हीची उत्तरं कमीत कमी यायला हवी असतील तर खरा स्वयंपाक निघायच्या आदल्या दिवशी घरीच उरकायचा. म्हणजे शिजवायचं नाही, तर मोजायचं, मिसळायचं आणि एकेका जेवणाची एकेक झिपलॉक पिशवी भरायची, वर मार्करने लिहायचं की यात पाणी किती आणि वेळ किती. हे लिहायचं काम फालतू वाटतं पण तेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण दमलेल्या माणसाला अंदाज घ्यायचा नसतो, त्याला कुणीतरी सांगायला हवं असतं की "तीन कप पाणी, पंधरा मिनिटं, झाकण ठेव."

ही अक्कल फार जुनी आहे. १८६७ मध्ये बर्लिनमधल्या योहान हाइनरिश ग्र्युनेबेर्ग नावाच्या माणसाने वाटाण्याचं पीठ, चरबी, मीठ-मसाला असं एकत्र करून त्याची लांब कांडी बनवली, नाव एर्ब्सवुर्स्ट. सैनिकाने कांडीचा तुकडा मोडायचा, गरम पाण्यात कुस्करायचा, उकळलं की घट्ट सूप तयार. १८७०-७१ मध्ये फ्रान्सशी झालेल्या युद्धात प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याच्या, सैन्याने ते भरपूर वापरलं आणि नंतर डोंगरात फिरणाऱ्यांनी उचललं, ते अगदी २०१८ पर्यंत विकत मिळायचं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं पेमिकन तर त्याच्याही कितीतरी आधीचं, वाळवलेलं मांस कुटून त्यात वितळलेली चरबी आणि कधी सुकी बेरी, शिजवायची भानगडच नाही, आणि पुढे ध्रुवाकडे जाणाऱ्या मोहिमा याच्यावरच जगल्या. दोन्हीत सूत्र एकच आहे, पाणी काढून टाका, फॅट घाला, आणि खाणाऱ्याला कमीत कमी कामाला लावा. आज आपण खजूर आणि शेंगदाणे वाटून गोळे करतो तेव्हा तेच करत असतो.

फॅट म्हटलं की लोक दचकतात, म्हणून जरा हिशोब मांडते. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी, एक ग्रॅम कार्ब किंवा प्रोटीनमध्ये ४. शंभर ग्रॅम बदामात साधारण ५८० कॅलरी आणि २१ ग्रॅम प्रोटीन, शेंगदाण्यात कॅलरी तेवढ्याच पण प्रोटीन २५ ग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम सफरचंदात ५२ कॅलरी, कारण ते ८५ टक्क्यांच्या वर पाणीच आहे. म्हणजे शंभर ग्रॅम बदामांची ताकद सफरचंदातून मिळवायची तर किलोभर सफरचंदं पाठीवर घेऊन चढायचं. ऑफिसात बसून काम करताना हेच गणित उलटं वाचायचं असतं, तिथे सफरचंद बरं. पण पाठीवर ओझं आणि पायाखाली चढ असताना फॅट हा शत्रू नाहीये. अर्थात म्हणून सफरचंद न्यायचंच नाही असं नाही, पहिल्या दिवशी दुपारी घामाघूम झाल्यावर कचकन दात रोवायला जे सुख आहे ते बदामात नाही, एक-दोन न्या आणि पहिल्याच दिवशी संपवा.

खरं सांगायचं तर मला जेवणापेक्षा मधल्या खाण्याची जास्त काळजी वाटते. ग्रुपमधली भांडणं कधी होतात ते नीट बघा, दुपारी तीन-चारच्या सुमाराला होतात, आणि विषय असतो नकाशा किंवा कुणीतरी हळू चालतंय हा, पण कारण असतं पोट. सकाळी भरपेट खाल्लेलं जिरलेलं असतं, जेवणाला थांबायला जागा सापडलेली नसते आणि खाऊ बॅगेच्या तळाशी स्लीपिंग बॅगखाली. खाऊ खिशात हवा किंवा बॅगेच्या पट्ट्याला लावलेल्या छोट्या पाउचमध्ये, न थांबता हात जाईल असा, आणि तासाभराने दोन घास असं चालूच ठेवायचं. भूक लागायची वाट बघितली की उशीर झालेला असतो.

ट्रेल मिक्स म्हणून जे पाकिटात मिळतं ते मला फारसं पटत नाही. त्यात बेदाणे, साखरेत घोळवलेली फळं आणि चॉकलेटचे तुकडे एवढे असतात की दुसऱ्या दिवशी कुणाला त्याच्याकडे बघवत नाही, शिवाय चॉकलेट ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं, त्याच्या आधीच मऊ पडतं, म्हणजे उन्हात अख्ख्या पाकिटाचा एक चिकट गोळा. घरी करायचं तर दोन वेगळी पाकिटं करावी. एक गोड, त्यात बदाम, अक्रोड, सुकी जर्दाळू, बेदाणे, भोपळ्याच्या बिया. दुसरं खारट, त्यात भाजलेले चणे, खारे शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, छोटी क्रॅकर्स, हवं तर मिरपूड. घाम गाळून चालणाऱ्याला मीठ लागतंच, आणि जीभ आपोआप खारट पाकिटाकडे वळते, म्हणून दुसरं पाकीट पहिल्यापेक्षा मोठं भरा. त्या खजुराच्या गोळ्यांचं प्रमाण दोन भाग बिया काढलेले खजूर, एक भाग भाजलेले दाणे, थोडे ओट्स, चिमूटभर मीठ, मिक्सरला फिरवा आणि वळा, साखर नाही, गॅस नाही. एनर्जी बार घेणार असाल तर मागचं लेबल वाचा, घटकांच्या यादीत साखर किंवा सिरप पहिल्या नंबरला असेल तर ती चकचकीत कागदातली मिठाईच आहे. तरी माझं म्हणणं आहे की चढावर एखादी गोड वडी खाल्ली म्हणून काही बिघडत नाही, बिघडतं ते दिवसभर तेवढंच खाल्लं तर.

नाश्त्याला ओट्स. बोरिंग आहे, माहितेय, पण तोडीस तोड दुसरं काही मला सापडलेलं नाही, शंभर ग्रॅमला साधारण १३ ग्रॅम प्रोटीन आणि १० ग्रॅम फायबर, वजनाला हलके, उकळतं पाणी ओतलं की दोन-तीन मिनिटांत तयार. पिशवीत क्विक ओट्स, दूध पावडर, दालचिनी, बेदाणे, चिरलेले अक्रोड, मीठ, आणि वर लिहायचं "एक कपाला दोन कप पाणी." थंडीत गॅस रुसला तर हेच ओट्स रात्री साध्या प्यायच्या पाण्यात भिजवून ठेवता येतात, फक्त तसं करायचं असेल तर दूध पावडर त्यात आधी घालू नका, थंडीत जाताना ती घरूनच वेगळ्या पुडीत घ्या आणि सकाळी मिसळा, कारण पावडर भिजली की तिचं दूध झालं आणि दूध रात्रभर बाहेर राहिलं की काय होतं ते सांगायला नको.

गॅस रुसतो हे मी गमतीत म्हटलं नाही बरं का. स्टोव्हच्या छोट्या डब्यात साधा ब्युटेन असेल तर तो उणे ०.५ डिग्रीच्या खाली वायूत बदलायलाच तयार नसतो, डबा हलवला तर आत डुचमळतंय पण ज्योत नाही. आयसोब्युटेन उणे १२ डिग्रीच्या आसपासपर्यंत तग धरतो, म्हणून थंडीत जाणार असाल तर डब्यावर काय मिश्रण आहे ते बघून घ्या. आणि कितीही वारा असो, पाऊस असो, तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही, आगीची भीती तर आहेच पण कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, झोप येतेय असं वाटतं आणि माणूस खरंच झोपतो, कायमचा.

आता रात्रीचं. मी ज्याला दमलेल्या माणसाचं जेवण म्हणते त्याचा नमुना म्हणजे मसूर डाळ आणि कुसकुस. कुसकुस म्हणजे गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे, आधीच वाफवून वाळवलेले, त्यामुळे ते शिजवायचे नसतात, नुसते गरम पाण्यात फुगवायचे असतात. दोघांसाठी एका पिशवीत अर्धा कप मसूर डाळ, सुकवलेला कांदा, सुक्या टोमॅटोचे तुकडे, लसूण पावडर, मिरचीचे फ्लेक्स. दुसऱ्या छोट्या पिशवीत पाऊण कप कुसकुस. तिथे पोचल्यावर तंबू लावायच्या आधी भांड्यात तीन कप पाणी घेऊन पहिली पिशवी त्यात ओतायची आणि झाकण ठेवून बाजूला ठेवून द्यायचं, मग तंबू लावा, बूट काढा, मोजे वाळत घाला. तोवर डाळ भिजलेली असते. मग स्टोव्ह वाऱ्याच्या आडोशाला ठेवून पेटवायचा, उकळी आली की आच बारीक करायची, आणि बघा, वर जो फेस येतो तो चमच्याने खाली ढकलत राहायचा नाहीतर उतू जाऊन बर्नर विझतो. दहा-पंधरा मिनिटांत डाळ बोटाने चेपली की पीठ होते. मीठ घाला, कुसकुस घाला, एकदा ढवळा, गॅस बंद, झाकण, आणि अख्खं भांडं एखाद्या जाड जॅकेटात गुंडाळून पाच मिनिटं ठेवा. उघडलं की वाफेबरोबर लसणाचा वास येतो, वरून चांगलं दोन चमचे ऑलिव्ह ऑइल. भांड्यातच खायचं, ताटं काढायची नाहीत, शेवटी तळाला गरम पाणी घालून खरवडून पिऊन टाकायचं, भांडं निम्मं धुतलं गेलं. उरलेलं धुणं ओढ्यात करू नका, पाण्यापासून साठेक मीटर तरी लांब करा.

मसूरच का, तर सालाशिवायची फोडलेली डाळ झटकन शिजते. अख्खी कडधान्यं न्यायची हौस असते काहींना, प्रोटीन मिळतं म्हणून, पण उंचावर ती शिजतच नाहीत. दर ३०० मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक डिग्रीने खाली येतो, ३,००० मीटरवर पाणी ९० डिग्रीलाच खळखळ उकळायला लागतं आणि मग कितीही आच वाढवा, त्याच्यावर जात नाही, नुसतं पाणी आटतं आणि गॅस संपतो. राजम्याच्या बाबतीत तर हा प्रकार नुसता वेळखाऊ नाही, धोक्याचा आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रोटीन असतं जे नीट उकळल्याशिवाय नष्ट होत नाही, किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात चांगला अर्धा तास खळखळून उकळावा लागतो, अर्धवट शिजलेला खाल्ला तर उलट्या-जुलाब. गाडी कॅम्पपर्यंत जात असेल तर डब्यातला शिजवलेला राजमा किंवा छोले न्या, पाण्याने धुऊन घेतले की वरचं मीठही बरंचसं जातं. आणि ओपनर आठवणीने. पत्र्याच्या डब्याचं पेटंट १८१० मधलं आहे आणि डबा उघडायचं हत्यार यायला १८५० चं दशक उजाडलं, मधली चाळीसेक वर्षं लोक छिन्नी-हातोड्याने डबे फोडत होते, ती परंपरा कॅम्पवर अजून पाळली जाते.

भाज्यांकडे या. पालेभाज्या विसरा, दुपारपर्यंत माना टाकतात. गाजर, कोबी, सिमला मिरची, कांदा हे कणखर. त्यातही कोबी मला सगळ्यात जास्त आवडतो, चार दिवस बॅगेत आपटला तरी वरची दोन पानं काढली की आत तसाच करकरीत, लिंबू, मीठ, दाणे घालून हाताने कालवला की झालं. याचा अजून एक फायदा आहे ज्याच्याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही. कॅम्पवर बऱ्याच जणांचं पोट साफ होत नाही. उघड्यावर जायचा संकोच, म्हणून लोक मुद्दाम पाणी कमी पितात, वर ब्रेड-बिस्किटं-नूडल्स, आणि मग चिडचिड, डोकेदुखी. ओट्स, डाळ, कोबी, सुकी जर्दाळू आणि भरपूर पाणी ही त्यावरची साधी तजवीज आहे. पाणी ओढ्याचं असेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं उकळा. नुसतं पाणी जात नसेल तर सूप करून प्या, पाणी, मीठ आणि ऊब एकदम मिळते.

आइसबॉक्स नेणाऱ्यांना वाटतं की आपण फ्रीजच आणलाय. तसं नसतं. अन्नातले जंतू ५ ते ६० डिग्रीच्या मधे भराभर वाढतात, लवकर खराब होणारं खाणं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर टाकायचं, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एका तासातच. बर्फाचे छोटे खडे भरण्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, मोठा गठ्ठा हळू वितळतो आणि वितळला की प्यायला पाणी. कोल्ड्रिंकचा बॉक्स वेगळा ठेवा, कारण मुलं तो दर दहा मिनिटांनी उघडणार. कच्चं चिकन-मटण न्यायचंच असेल तर दुहेरी पिशवीत, अगदी तळाशी, आणि पहिल्याच रात्री संपवायचं. अंडी घरीच फेटून बाटलीत भरून बर्फात ठेवली तर फुटायची भीती नाही, पहिल्या सकाळी तव्यावर ओतली की काम झालं. उकडलेली अंडी टिकतात असा समज आहे, ते उलट आहे, उकडल्यावर कवचावरचा संरक्षक थर जातो आणि ती कच्च्या अंड्यांपेक्षा लवकर खराब होतात.

फॉइलमधले बटाटे मात्र हवेतच, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. पातळ चकत्या, गाजर, कांदा, तेल, मीठ, मिरपूड, प्रत्येकाने आपापली पुडी बांधायची, आणि ज्वाळेवर नाही तर लालभडक निखाऱ्यांवर ठेवायची, अर्ध्या तासात होते, मधे एकदा उलटायची. पुडीत कच्चं चिकन घालू नका असं मी सांगेन. ते आतपर्यंत ७४ डिग्रीला पोचायला हवं आणि अंधारात टॉर्च मारून ते कळत नाही. उरलेली बटाट्याची पुडी तशीच सकाळपर्यंत ठेवायची सवय पण वाईट, घट्ट फॉइलमध्ये हवा नसते, बटाटा कोमट असतो, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला नेमकं हेच लागतं. रात्रीचा उरलेला भातही सकाळी परतून खायचा नाही, त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, बाहेर राहिलेल्या भातात ते विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून कॅम्पवर थोडं कमीच शिजवावं, भूक उरली तर दाणे आहेत, क्रॅकर्सवर पीनट बटर आहे. मात्र हे सगळं तंबूत उशाशी घेऊन झोपायचं नाही, उंदीर पिशवी कुरतडतात ती कुरतडतात, तंबूलाही भोक पाडून जातात, आणि अस्वलांचा भाग असेल तर खाणंच काय, टूथपेस्टसुद्धा झोपायच्या जागेपासून दूर बंद डब्यात ठेवायची.

आणि एक पिशवी जास्तीची. रस्ता चुकला, पावसाने एक रात्र जास्त राहावं लागलं, गॅस संपला, असं काहीही झालं तर ज्याला स्टोव्हही लागत नाही आणि पाणीही लागत नाही असं एक जेवण. कडक चीज, क्रॅकर्स, दाणे, खजूर. सगळ्यांना माहीत हवं की ती कुठे आहे. फक्त तिच्यात कुणाच्या खास आवडीचं काही भरू नका, नाहीतर पहिल्याच रात्री कुणीतरी "बघू, टिकलंय का" म्हणत फोडतं.